गेटबाहेर ढकललेले ब्रोमाइड

३ तारीख, सोमवार

ही वही सुरू करावी लागली, कारण सूनबाईच्या प्रयोगवहीत मत लिहायला बंदी आहे. आज पहिल्याच दिवशी मी तिथे लिहिलं, 'इलेक्ट्रोडला शिस्त नाही.' संध्याकाळी तिने पलंगावर पडल्या पडल्या ते वाचलं, पेन मागितलं आणि त्यावर रेघ मारली. "आई, इथे काय दिसलं तेवढंच लिहायचं. काय वाटलं ते नाही." शाळेत जन्मभर मी पोरांच्या वह्यांवर रेघा मारल्या. माझ्या वाक्यावर रेघ मारणारी ही पहिलीच. रेघ सरळ होती, तीही पट्टीशिवाय, म्हणून खपवून घेतली. यापुढे दिसेल ते तिच्या वहीत आणि वाटेल ते इथे. मला पुष्कळ वाटतं.

झालं ते असं. आठवा महिना सरत आला आणि डॉक्टरीणबाईंनी सूनबाईला पलंग दाखवला. उठायचं ते न्हाणीघरापुरतं. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तीन क्षारांवर अडलंय. मोजायचा इलेक्ट्रोड दुसऱ्या संस्थेकडून उसना आणलेला, तो अठ्ठावीस तारखेला दुपारी चारला परत जायचा. तोवर तिन्ही क्षार मोजून झाले तर प्रकरण पुरं होईल. नाही झाले तर ते शेजारच्या टेबलावरच्या मुलीला जातील.

"आणि बाळ झाल्यावर परत कोण जातंय?" ती म्हणाली. "सगळ्याच म्हणतात जाऊ. एकदा सुटलं की सुटलंच." मी तिथेच बसले होते, पण ती हे छताला सांगत होती.

मी म्हटलं, "मी जाते."

चिरंजीव हसले. "आई, तिथे कोणाला कोपऱ्यात उभं करता येत नाही."

"तुला वेळेवर केलं असतं तर आज बरं बोलला असतास."

मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे, पहिल्या वर्गातली. पदवी जुनी झाली, पण मूलद्रव्यं तीच आहेत. तिच्या मार्गदर्शक सरांना विद्यार्थी 'तराजू' म्हणतात, कारण ते एकेक शब्द तोलून टाकतात. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "नियमात मदतनीस घेता येतो. वय लिहिलेलं नाही." मला एक पांढरा कोट मिळाला. बाह्या लांब आहेत. दुमडल्या.

४ तारीख, मंगळवार

सूनबाईने काल सगळं तिच्या भाषेत समजावलं. आज मी ते माझ्या भाषेत आणलं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

पाण्यात लांब शेपटीचे रेणू असतात. शेपटीला पाणी आवडत नाही, डोक्याला आवडतं. मग ते घोळका करतात, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. या घोळक्याला मायसेल म्हणतात. डोक्यांवर धन भार, म्हणून ऋण भाराचे ब्रोमाइड येऊन त्यांना चिकटून उभे राहतात. म्हणजे मायसेल ही शाळा आणि ब्रोमाइड हे गेटाला चिकटलेले पालक. आता यात दुसरा क्षार टाकला की नवे पालक येतात, कोपरं मारत गेटाशी घुसतात आणि जुने रस्त्यावर फेकले जातात. इलेक्ट्रोड रस्त्यावरचे तेवढे मोजतो. त्यावरून नवे पालक ब्रोमाइडच्या किती पट आगाऊ आहेत ते कळतं. हे आगाऊपणाचं माप काढण्यासाठी माझी सून चार वर्षं खपते आहे.

"आई, असं नाही हो म्हणत," ती म्हणाली, पण दोन तासांनी चिरंजीवांना तीच पालकांची गोष्ट सांगताना मी तिला स्वयंपाकघरातून ऐकलं.

तिन्ही क्षार सख्खी भावंडं आहेत. सहा कोनांच्या कड्यावर क्लोरीनचा एक अणू, तो दुसऱ्या जागी बसला, तिसऱ्या की चौथ्या, एवढाच फरक. मी त्यांना दोन नंबर, तीन नंबर आणि चार नंबर म्हणते.

प्रयोगशाळा बरी आहे. काचेची भांडी मात्र, सांगायला लाज वाटते, नुसती विसळून ठेवतात. मोरीवर चिठ्ठी आहे, 'साबण वापरू नये.' अशा चिठ्ठ्या कोण लावतं ते मी शाळेत पाहिलंय. ज्याला घासायचा कंटाळा, तो.

५ तारीख, बुधवार

घरून भांडी घासायच्या द्रवाची छोटी बाटली पिशवीत घालून नेली, लिंबाच्या वासाची. सगळे चहाला गेले तेव्हा चंबू, पिपेटा आणि मोजपात्रं स्वच्छ घासून काढली. इलेक्ट्रोडच्या टोकावरही हलक्या बोटाने एक हात फिरवला. दोन पाण्यांतून काढलं. काच अशी चमकली की खिडकी उलटी दिसली तिच्यात. कोणाला बोलले नाही. चांगल्या कामाची दवंडी पिटायची नसते.

६ तारीख, गुरुवार

इलेक्ट्रोड हा अत्यंत चंचल माणूस आहे. एका आकड्यावर उभं राहायचं नावच नाही. मिलिव्होल्टचा काटा पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे. एकच द्रावण तीनदा मोजलं, तीन उत्तरं आली. द्रावणही जरा धुरकट दिसतंय. प्रयोगवहीत लिहिलं, 'किंचित धुरकट.' हे दिसलेलं आहे, वाटलेलं नाही.

शेजारच्या टेबलावरची ती मुलगी, जिला क्षार जाणार आहेत, बारीक आहे आणि जिभेला टोक आहे. तिला मी मनातल्या मनात टाचणी म्हणते. ती मान वळवून म्हणाली, "काकू, काही अडलंय का?"

"तुमचा इलेक्ट्रोड बिघडलाय."

"गेल्या महिन्यात तर चांगला होता." आणि गालात हसली.

नाचता येईना अंगण वाकडं, असंच तिच्या मनात असणार. मी सगळी भांडी पुन्हा एकदा घासली. या वेळी पिपेटा रात्रभर त्याच द्रवात भिजत घातल्या.

७ तारीख, शुक्रवार

कालच्यापेक्षा धुरकट. दोन नंबरचे पालक एकदा भलतेच आगाऊ निघाले, एकदा भलतेच गरीब. मी शुद्ध पाण्यावर संशय घेतला. टाचणीने ते पाणी तपासून दाखवलं, शुद्धच होतं. मग मी वजनकाट्यावर संशय घेतला. त्याचाही काही दोष नव्हता. घरी येऊन चिरंजीवांवर संशय घेतला, निदान तिथे तरी काहीतरी निघालं. सूनबाईचं दुपारचं औषध दिलं नव्हतं.

१० तारीख, सोमवार

तराजू सरांनी आठवड्याचे आकडे पाहिले. चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"हे प्रबंधात घेता येणार नाहीत."

"मान्य."

"शुक्रवारी एक द्रावण तीनदा मोजा. तिन्ही आकडे जुळायला हवेत. नाही जुळले तर क्षार शेजारी जातील."

मी म्हटलं, शुक्रवारी जुळतील. म्हणताना आवाज शाळेतला होता. जिने उतरताना मात्र कठडा धरावा लागला.

११ तारीख, मंगळवार

सूनबाईला सांगावं लागलं. लपवणं हे खोट्याचं सावत्र भावंड, ते मला जमत नाही. ती रडली नाही. भिंतीकडे कूस वळवली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "आई, राहू दे. तुम्ही खूप केलंत."

हे 'राहू दे' मला मुळीच खपत नाही. माझ्या पदवीनंतर पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं, तेव्हा घरातले सगळे हेच म्हणाले होते, आणि सगळे प्रेमानेच म्हणाले होते. भांडायला कोणी समोरच नव्हतं. आज मी मोठ्याने म्हणाले, "राहू दे म्हणायला तू कोण? क्षार माझ्याकडे आहेत." एवढं बोलून स्वयंपाकघरात गेले आणि तिच्यासाठी केलेलं सूप स्वतःच पिऊन टाकलं. पुन्हा करावं लागलं.

१२ तारीख, बुधवार

आज जे झालं ते लिहितानाही कान गरम होत आहेत.

संध्याकाळी सूनबाईचे पाय सुजले होते म्हणून चोळत बसले होते. मग तिची उशी सरळ करायला वाकले, तर तिने माझा हात धरला आणि नाकाशी नेला.

"आई, तुमच्या हातांना लिंबाचा वास येतोय."

"स्वच्छतेचा आहे तो."

"पण घरातली भांडी तर सध्या हेच घासतात."

चिरंजीव दारातून म्हणाले, "त्याची नोंद घेतल्याबद्दल आभारी आहे."

"मग तुमच्या हातांना कुठून आला?"

मी सरळ उभी राहिले. "तुमच्या प्रयोगशाळेत घासायची पद्धत नाही. मी ती सुरू केली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. ती हसत होती! आधी आवाज न करता, मग उशीत तोंड खुपसून, मग उशी फेकून देऊन. "इलेक्ट्रोडसुद्धा?" तिने कसंबसं विचारलं. मी म्हटलं, "फक्त टोक." यावर ती अशी किंचाळली की चिरंजीव हातातला कप टाकून धावत आले आणि "सुरू झालं? गाडी काढू?" म्हणत खोलीत गोल फिरायला लागले. पोटातलं बाळही लाथा मारत होतं. तिने माझा हात तिथे ठेवला. "बघा, हेही हसतंय."

हसून हसून पुरेवाट झाल्यावर तिने सांगितलं. भांडी घासायच्या द्रवाचे रेणू ऋण भाराचे असतात. ते माझ्या धन भाराच्या मायसेलला असे मिठी मारतात की सुटत नाहीत. पाणी धुरकट झालं ते त्यामुळेच. इलेक्ट्रोडच्या टोकावरही त्यांचाच थर बसलेला.

"म्हणजे आई, पालक मोजायला तुम्ही गेटावर गेलात आणि जाताना वऱ्हाड घेऊन गेलात."

"पण मग चिठ्ठीवर कारण का नाही लिहिलं?"

"चिठ्ठी मीच लावली होती," ती म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली. आता मलाही आवरेना. एवढ्या वर्षांत आम्ही दोघी एका वेळी हसल्याचं मला आठवत नाही. चिरंजीव गाडीची किल्ली हातात धरून उभे होते. "कोणी मला सांगेल का, मूल होतंय की नाही?"

१३ तारीख, गुरुवार

सकाळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी ते उभं राहून, खणखणीत आवाजात केलं, म्हणजे परत कोणी विचारायला नको. तराजू सरांनी तोंडावर रुमाल धरला. त्यांना सर्दी झाली असावी, पाठ बराच वेळ हलत होती.

टाचणी बाह्या वर करून मोरीपाशी आली. "चला काकू, धुऊ या." दिवसभर आम्ही दोघींनी एकेक भांडं आधी अल्कोहोलने आणि मग शुद्ध पाण्याने इतक्या वेळा काढलं की बोटांना सुरकुत्या पडल्या. इलेक्ट्रोडचं टोक तिने खास कागदावर हळुवार घासून दिलं. मी न राहवून म्हटलं, "माझं काम बिघडलं तर क्षार तुला मिळणार होते."

"काकू!" ती ओरडलीच. "मला नको आहेत ते. माझेच मला झेपत नाहीत. सर बोलले तेव्हापासून मला झोप नाही. तुमचं जमू दे म्हणून मी देवाला हात जोडत बसलेय."

म्हणजे गालात हसत होती ते काय होतं, कोण जाणे.

जाताना मी जुनी चिठ्ठी काढून नवी लावली, मोठ्या अक्षरात: 'साबण वापरू नये. साबणाचा भार ऋण, आपल्या मायसेलचा धन. ते एकमेकांना सोडत नाहीत. आपण मोजत बसतो.' खाली एक रेघ मारली, पट्टीशिवाय. जरा वाकडी आली.

१४ तारीख, शुक्रवार

जुळले! जुळले! जुळले!

तीन वेळा एकच द्रावण, पाण्यासारखं नितळ, आणि तीन वेळा तोच आकडा. दुसऱ्या वेळी मी श्वास धरून बसले होते. तिसऱ्या वेळी काटा आला, थोडा डुलला आणि त्याच जागी जाऊन बसला, बेंचवर बसावं तसा. मी टेबलावर थाप मारली आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "शाब्बास!" पलीकडच्या खोलीतून दोघं डोकावले. त्यांना वाटलं त्यांनाच म्हटलं. राहू दे म्हटलं, तुम्हालाही शाब्बास.

तराजू सर म्हणाले, "अठ्ठावीसपर्यंत." एकच शब्द, पण वजनदार.

येताना जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरले. या वयात शोभत नाही. रस्त्यावर पोचल्यावर भान आलं की कोट अंगावरच आहे. परत वर जाऊन काढून ठेवायला हवा होता. नाही गेले. तसाच घालून दुकानात गेले, आणि दुकानदार 'डॉक्टर' म्हणाला. दुरुस्त करायला हवं होतं. मागे रांग होती.

१८ तारीख, मंगळवार

दोन नंबर संपला. अगदीच भिडस्त पालक. ब्रोमाइडच्या पाच-सहा पट, बस. गेटाशी येतात, "जरा सरकता का?" म्हणतात आणि सरकलं नाही तर उभे राहतात.

सूनबाईने आकडे पाहून मान हलवली. "वाटलं होतं तेवढेच आलेत."

"वाटलेलं लिहायचं नाही," मी म्हटलं. तिने जीभ चावली.

२० तारीख, गुरुवार

आजचं मी कसं लिहू?

तीन नंबर थोडा थोडा टाकत होते. आतापर्यंत पाणी पाण्यासारखं होतं. एकदम चुंबकी ढवळणी कुरकुरायला लागली, जणू कोणी तिचा हात धरला. चंबू उचलला, तर आतलं पाणी जड! मी तो सहज गोल फिरवला आणि थांबवला. आतले बुडबुडे भोवऱ्यासारखे फिरत होते, ते थांबले. आणि मग उलटे फिरले. सगळे बुडबुडे एकसाथ, काहीतरी घरी विसरून आल्यासारखे, मागे वळून जिथून निघाले तिथे चालू लागले!

मी पुन्हा फिरवला. पुन्हा मागे वळले. मी हसले. फिरवला. अगदी मोठ्याने हसले. टाचणी धावत आली. "काय झालं काकू?" मी चंबू तिच्या हातात दिला. तीही फिरवून हसली. पलीकडचे दोघं आले. तराजू सर आले, म्हणाले, "अपेक्षित आहे. नव्या आयनामुळे मायसेल लांबून धाग्यांसारखे होतात, एकमेकांत गुंततात, ताणले की मागे येतात." एवढे शब्द एका दमात बोलले आणि त्यांनीही फिरवला. एकदा फिरवून ठेवतील असं वाटलं होतं. चारदा फिरवला. मग कोणीतरी आणखी दोन चंबू भरले आणि अर्धा तास आम्ही सगळी मोठी माणसं चंबू फिरवत आणि "गेले, गेले, वळले!" असं ओरडत उभे होतो. शाळेत असं कोणी केलं असतं तर मी सगळा वर्ग बाहेर काढला असता. स्वतःसकट.

तीन नंबरचे पालक पन्नाशीत निघाले. पन्नास पट! गेटच उखडून नेतील असे.

सरांना विचारून थोडं द्रावण घट्ट बुचाच्या कुपीत घेतलं, दोन पिशव्यांत गुंडाळून घरी आणलं. सूनबाईने उजेडाकडे धरून फिरवलं. बुडबुडे मागे वळले. तिने पुन्हा फिरवलं. "हे व्हायला हवं होतं असं मी प्रस्तावात लिहिलं होतं," ती म्हणाली. "चार वर्षांपूर्वी. पाहिलं नव्हतं." आणि डोळे पुसायला लागली. या दिवसांत बायका उगाच हळव्या होतात. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला ती कुपी आणखी तासभर फिरवू दिली. जेवण गार झालं.

२२ तारीख, शनिवार

सुट्टी. काय करावं कळेना. कपाटं आवरली. कोटाच्या बाह्यांना नीट मापात टीप घातली. परत करायचा आहे, पण करेपर्यंत व्यवस्थित दिसावा.

२६ तारीख, बुधवार

चार नंबर हट्टी आहे. द्रावण इतकं दाट होतं की इलेक्ट्रोडला आकड्यावर बसायला तास लागतो. घाई केली की खोटा आकडा देतो. मुलांसारखंच. समोर बसून राहायचं, डोळे वटारायचे नाहीत, घड्याळाकडे बघायचं नाही. मी माझ्या नोकरीत हे कधी केलं नव्हतं. करायला हवं होतं, असं आज वाटलं. वाटलं म्हणून इथे लिहिलं.

एक फेरी झाली. अजून दोन हव्यात.

२८ तारीख, शुक्रवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे.

दुसरी फेरी काल जुळली. आज तिसरी. जेवणाच्या सुट्टीनंतर द्रावण लावून बसले. चारला उसन्या इलेक्ट्रोडचा माणूस येणार होता. तो अडीचलाच आला आणि दारात खुर्ची टाकून बसला. तेवढ्यात फोन आला, चिरंजीवांचा. "आई, सुरू झालं. खरंच सुरू झालं. हॉस्पिटलमध्ये आहोत."

मी उठले. कोटाची बटणं काढायला लागले. एक बटण निघेना. इलेक्ट्रोड अजून डुलत होता. तिसरी फेरी सोडली तर चार नंबर अर्धा, आणि तो अर्धा म्हणजे प्रकरण अर्धं. पण पोर एकटी तिथे. मी फोनवर म्हटलं, "येते."

तिकडून सूनबाईने फोन ओढून घेतलेला दिसला. "आई, तिसरा आकडा आला?"

"नाही. तू ते मनातून काढ, मी निघते."

"इथे येऊन काय करणार? इथे दोन डॉक्टर आहेत, तीन नर्सा आहेत आणि हे रडतायत. तिथे कोण आहे?"

"अगं पण..."

"आई, बसा." आवाज माझाच होता. शाळेतला. कुठून शिकली?

मी बसले. टाचणीने फोन इलेक्ट्रोडशेजारी, आवाज मोठा करून, उभा केला. मग असं चाललं.

"किती?" ती विचारायची. मी आकडा सांगायची.

"स्थिर झाला?"

"नाही, अजून हलतंय."

"इकडेही." मग लांब श्वास, मग नर्सचा आवाज, "फोन ठेवा बाई!" आणि हिचा, "ठेवणार नाही!"

"किती?"

"एक मिलिव्होल्टने खाली."

"चांगलंय... आई गं!"

"मी इथेच आहे!"

"तुम्हाला नाही म्हटलं!"

टाचणी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दारातला माणूस खुर्ची सरकवत सरकवत टेबलापाशी येऊन पोचला होता आणि काट्याकडे असा बघत होता जणू त्याचंच मूल. तराजू सर हात मागे बांधून उभे. त्यांचे ओठ हलत होते. काटा आला. थोडा डुलला. पुन्हा आला. आणि बसला.

"बसला!" मी ओरडले. "कालचाच आकडा! जुळला!"

तिकडून फोन पडल्याचा आवाज, मग पळापळ, मग चिरंजीवांचं काहीतरी अगम्य. मग एक बारीक, फार रागावलेला आवाज. नवाच. मी तो आधी कधीच ऐकला नव्हता.

प्रयोगवहीत वेळ आणि आकडा लिहिला. अक्षर वाईट आलं. दुसरं काही लिहिलं नाही. नियम म्हणजे नियम.

कोट अंगावरच होता. तसाच घालून हॉस्पिटलात धावले. कोणी अडवलं नाही, उलट दोघांनी दरवाजा धरला.

२९ तारीख, शनिवार

सुपूर्द केलं ते असं.

इलेक्ट्रोड, टोकावर टोपी लावून, त्याच्याच डबीत, दारातल्या माणसाला. त्याने सही केली आणि विचारलं, मुलगा की मुलगी. तेव्हा माहीत नव्हतं. आज त्याने संस्थेतून फोन करून विचारून घेतलं.

उरलेले तिन्ही क्षार, झाकणं घट्ट, टाचणीच्या कपाटात. तिच्यासाठी नव्हेत, कपाटाला कुलूप आहे म्हणून. काचेची सगळी भांडी, अल्कोहोल आणि शुद्ध पाण्याने काढलेली, तिच्याच देखत. लिंबाच्या द्रवाची बाटली, अर्धी उरलेली, चिरंजीवांना, घरच्या मोरीसाठी.

तीन आकडे तराजू सरांना. चार नंबर तीन नंबरच्या अगदी शेजारी आला, दोघेही सारखेच आगाऊ. सरांनी आकडे दोनदा वाचले आणि म्हणाले, "उत्तम." मग थोडं थांबून, "फार उत्तम." दोन शब्द जास्तीचे.

प्रयोगवही सूनबाईला, हॉस्पिटलच्या पलंगावर. तिने शेवटचं पान उघडलं, वेळ पाहिली आणि म्हणाली, "आई, हिच्या जन्माच्या कागदावरही हीच वेळ आहे." मग आधीची पानं चाळली. कुठे रेघ मारावी असं काही तिला सापडलं नाही. मी बघत होते. "महिना-दोन महिन्यांत लिहायला बसेन," ती म्हणाली, छताला नाही, मला. मी म्हटलं, "सकाळी नऊ ते एक मी हिला बघेन. एकला तू आलीच पाहिजेस. उशीर चालणार नाही." "आणि एकनंतर?" तिने विचारलं. टाचणी म्हणत होती की तिच्या टेबलावर काम फार साठलंय.

मग तिने माझ्याकडे सुपूर्द केलं ते एकच. मुलगी. वजन थोडं कमी, आवाज पुरेसा. आधी फार हलत होती. घाई केली नाही, डोळे वटारले नाहीत, घड्याळाकडे पाहिलं नाही. पुष्कळ वेळाने स्थिर झाली.

कोट दिला नाही. धुऊन देते, असं सरांना सांगितलंय. अजून धुतलेला नाही.